फोटोतली गिटार फेंडर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नागपुरातल्या एका दिवंगत ऑर्केस्ट्रा-वादकाच्या इलेक्ट्रिक गिटारचा फोटो छापून आला. ‘साठच्या दशकातली दुर्मीळ अमेरिकन फेंडर, जाणकारांनी अधिक माहिती द्यावी’ अशी ओळ खाली होती. माहिती देतो, पण आधी ती ओळ दुरुस्त करावी लागेल. गिटार अमेरिकन नाही आणि फेंडर तर नाहीच. ती जपानी आहे, टीस्को या कंपनीच्या घडणीची, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली.

चूक छोटी वाटते, पण तिचे परिणाम वाईट होतात. ‘फेंडर’ म्हणून गाजलेली गिटार कोणीतरी विकत घ्यायला येतो, मागची प्लेट पाहतो, ‘डुप्लिकेट आहे’ म्हणतो आणि घरच्यांच्या मनातून ती उतरते. मग ती माळ्यावर जाते किंवा भंगारात. दुसरा प्रकार त्याहून वाईट. घरातलाच कोणी हौसेने तिला ‘खरी फेंडर’ करायला निघतो, जुने पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग, काढून नवे बसवतो आणि जे काही दुर्मीळ होते तेच कचऱ्यात जाते. ही गिटार कशाचीही नक्कल नाही. तिला स्वतःचे नाव आहे, कारखाना आहे, आवाज आहे. ते नीट नोंदवेपर्यंत तिच्यातला एकही भाग कोणी बदलू नये, एवढे त्या कुटुंबाला कळावे म्हणून हे पत्र.

फोटोवरून काय दिसते ते आधी. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या फळीवर, वर चार आणि खाली दोन खुंट्या आहेत. फेंडरच्या सहा तारांच्या नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारीवर सहाही खुंट्या एका ओळीत असतात. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या बहुतेक गिटारींवर दोन्ही बाजूंना तीन-तीन. चार-दोनची मांडणी अमेरिकेत म्युझिक मॅन कंपनीने वापरली, पण ती १९८० च्या दशकात. दुसरी खूण पिकअपची. फोटोत चार पिकअप मोजता येतात आणि प्रत्येकाला चालू-बंद करणारी वेगळी कळ आहे. फेंडरच्या तेव्हाच्या नेहमीच्या गिटारींवर एक, दोन किंवा तीन पिकअप असत आणि त्यांतल्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलवर ते निवडायला एकच खटका. तिसरी खूण आम्हाला सगळ्यांत बोलकी वाटते. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवर पुढून बसवलेले संरक्षक आवरण, प्लास्टिकचा नाही, धातूच्या पत्र्याचा आहे आणि त्यावर एक पट्टा चकचकीत, एक फिका, असे आलटूनपालटून पट्टे आहेत. हा पट्टेरी पत्रा टीस्कोची त्या काळातली ओळख होती.

हेडस्टॉकवर नाव नाही, म्हणून गोंधळ झाला असावा. पण मूळ फोटो मोठा करून पाहा. जिथे नाव असायला हवे तिथे दोन बारीक भोके दिसतील आणि त्यांच्यामधली पॉलिश आजूबाजूपेक्षा थोडी गडद दिसेल. तिथे धातूची किंवा प्लास्टिकची नावपट्टी बसवलेली होती आणि तिच्याखालच्या लाकडाला उजेड लागला नाही. त्या गडद ठशाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ठेवावी. पट्टी कुठली होती, हे पुढे ठशावरून जुळवता येते.

टीस्को १९४६ साली टोकियोत सुरू झाली आणि १९६७ साली पियानो बनवणाऱ्या कवाईने ती विकत घेतली. मधल्या काळात तिच्या गिटारी जगभर गेल्या, पण स्वतःच्या नावाने कमी आणि दुसऱ्यांच्या नावाने जास्त. अमेरिकेत टीस्को डेल रे, सिल्व्हरटोन, किंग्स्टन; इंग्लंडमध्ये ऑडिशन, टॉप ट्वेंटी. कारखाना एक, पाट्या अनेक. त्यामुळे उद्या घरात नावपट्टी सापडली आणि तिच्यावर ‘टीस्को’ नसले तरी गडबडून जाऊ नये. टीस्कोच्या ईटी मालिकेत पुढच्या आकड्यातला पहिला अंक पिकअपची संख्या सांगतो. चार पिकअप आणि तारांचा सूर हलवणारा दांडा, या दोन गोष्टींवरून ही गिटार ईटी-४६० किंवा तिच्या सख्ख्या बहिणींपैकी एक ठरते. नेमकी कोणती, ते गिटार हातात घेऊन पाहिल्यावरच निश्चित व्हायचे आणि ते काम घरातल्या घरात होते.

लागणारी हत्यारे नागपुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. मिलिमीटर दाखवणारी पोलादी पट्टी, फुली डोक्याचे १ आणि २ नंबरचे स्क्रू ड्रायव्हर, एक बारीक चपटा, साधा डिजिटल मल्टिमीटर, गिटारची केबल, टॉर्च आणि अंड्यांचा रिकामा ट्रे. ट्रे महत्त्वाचा आहे. एका खळग्यात एका जागेचे स्क्रू टाकायचे आणि शेजारी पेन्सिलीने जागा लिहायची. या गिटारींमध्ये सारख्या दिसणाऱ्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. पिकगार्डचा आखूड स्क्रू पिकअपच्या जागी गेला तर पकडत नाही आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बॉडीच्या आरपार जातो.

काहीही उघडण्यापूर्वी आणि पुसण्यापूर्वीही फोटो काढावेत. गिटार आडवी ठेवून अगदी वरून समोरचा एक आणि मागचा एक. मग हेडस्टॉक पुढून-मागून, मानेच्या मागची चार स्क्रूंची प्लेट, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग), कळा आणि चारही पिकअप जवळून. प्रत्येक फोटोत शेजारी मापाची पट्टी असू द्या. तिरका फोटो आकार बिघडवतो आणि बॉडीच्या शिंगांच्या वळणावरून मॉडेल ओळखणाऱ्याला फसवतो.

नंतर लांबी. नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीच्या, मध्यापर्यंत मोजायचे आणि दुप्पट करायची. फेंडरच्या पूर्ण लांबीच्या गिटारीत हे अंतर ३२४ मिलिमीटर भरते, म्हणजे तारेची वाजणारी लांबी ६४८. गिब्सनची लांबी साधारण ६२८. या मोजणीत एक हमखास चूक होते. जपानी आणि युरोपी गिटारींवर पुष्कळदा नटला लागूनच एक जास्तीचा फ्रेट असतो. त्याला झिरो फ्रेट म्हणतात. तार तिथून वाजते. नट फक्त तारांना जागेवर ठेवतो. झिरो फ्रेट असेल तर माप तिथूनच घ्यायचे, नाहीतर चार-पाच मिलिमीटरची चूक होऊन गिटार भलत्याच घराण्यात जाऊन बसते. ३२४ आले म्हणून ती फेंडर ठरत नाही, कारण ते माप अनेकांनी उचलले. पण ३२४ आले नाही, तर ती फेंडरची पूर्ण लांबीची गिटार नाही हे पक्के.

पिकगार्ड काढण्याआधी तारा सैल कराव्यात, पण एकदम कापू नयेत. सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने. ताण एका झटक्यात गेला की दांड्याची स्प्रिंग उसळते आणि ब्रिज जागेवरून घसरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यांनी स्क्रू गंजलेले असणारच. जोर लावला तर फुली घासून गोल होते आणि मग ड्रिलशिवाय इलाज उरत नाही. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद धरावे, थंड होऊ द्यावे आणि मग फिरवावे. लाकूड आणि गंज दोन्ही पकड सोडतात. धातूच्या पिकगार्डवर हे चालते. प्लास्टिकच्या पिकगार्डवर मात्र कधीही करू नये. जुने प्लास्टिक सेल्युलॉइड असू शकते, आणि सेल्युलॉइड कापरासारखे भडकते. बोटाने जोरात घासल्यावर कापराचा वास आला, तर ते सेल्युलॉइडच समजावे. पत्रा सुटल्यावर तो ओढायचा नाही, पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा. खालच्या वायरी पन्नासहून जास्त वर्षांच्या आहेत आणि बॉडीतल्या, केबल लावायच्या जॅकपर्यंत जेमतेम पोचतात.

आतला भाग ओळख पटवायला सगळ्यांत कामाचा. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या फिरत्या रोधकावर, काय छापले आहे ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. जपानी पॉटवर ५००केए किंवा ए५००के अशी अक्षरे असतात. त्यात ए म्हणजे कानाला सम वाटेल असा चढणारा पॉट आणि बी म्हणजे सरळ रेषेत चढणारा. अमेरिकन पॉटवर मात्र सहा-सात आकडी संख्या असते आणि ती तारीखच असते. पहिले तीन आकडे कारखान्याचे : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढे साल, शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. १३७६६३२ म्हणजे सीटीएसने १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनवलेला पॉट. यात दोन फसगती आहेत. पॉटची तारीख गिटारची सर्वांत आधीची शक्य तारीख सांगते, जन्मतारीख नव्हे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो १९६९ पर्यंत पुरवला. दुसरी फसगत अशी की पॉट बदलता येतो. म्हणून सोल्डरचे डाग पाहायचे. कारखान्यातला डाग निस्तेज, करडा आणि बेताचा असतो. नंतर दिलेला डाग चकचकीत किंवा गोळ्यासारखा फुगीर असतो आणि भोवती पिवळी राळ सांडलेली असते. या गिटारीत १३७ चा पॉट निघाला, तर ती अमेरिकन ठरत नाही. कोणीतरी पॉट बदलला, एवढेच ठरते.

कंडेन्सरवरचा आकडाही लिहावा. जुन्यांवर ०.०२ किंवा ०.०५ मायक्रोफॅरड असते, नव्यांवर ०.०२२ किंवा ०.०४७. किरकोळ फरक आहे, पण कंडेन्सर मूळचा की नंतरचा, हे त्यावरून लगेच कळते.

आता मल्टिमीटर. केबल गिटारला लावायची, व्हॉल्यूम पूर्ण चढवायचा, मीटर २० किलोओमवर ठेवायचा. केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनच्या टोकाला मीटरची एक काडी आणि त्याच पिनच्या दांड्याला दुसरी. दोन्ही हातांची बोटे काड्यांच्या धातूला लागू द्यायची नाहीत. चारपैकी एकच कळ चालू करायची, आकडा लिहायचा, ती बंद करून पुढची. दोन कळा एकदम चालू राहिल्या तर दोन कॉइल समांतर जोडल्या जातात आणि आकडा जवळजवळ निम्मा दिसतो. ‘पिकअप कमजोर झाले’ असे समजून ते बदलल्याची उदाहरणे आहेत, आणि दोष असतो फक्त चालू राहिलेल्या दुसऱ्या कळेचा. पॉटही पिकअपला समांतर असतो, म्हणून आकडा किंचित कमी येतो. ६ किलोओमचा पिकअप २५० किलोओमच्या पॉटमागे ५.८६ दाखवतो. कळ चालू करूनही मीटर पॉटचाच आकडा, म्हणजे २५० किंवा ५०० च्या आसपास दाखवत असेल, तर कॉइलची तार तुटली आहे. त्यासाठी मीटर वरच्या रेंजवर न्यावा लागतो. २० वर तो फक्त हद्द ओलांडल्याची खूण दाखवेल. आकडा शून्याजवळ असेल तर आधी केबल तपासा, मग जॅक, आणि सगळ्यांत शेवटी पिकअपवर संशय घ्या.

नागपूरकरांनी यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना ६ किलोओम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४५ अंशांना ६.७ दाखवतो. पिकअप तोच आणि मीटरही तोच. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोजमापांशी आपले आकडे ताडून पाहताना हा बारा टक्क्यांचा फरक गिळून चालत नाही. आकड्याशेजारी खोलीचे तापमान लिहावे. चारही पिकअपचे आकडे एकमेकांच्या जवळ असले, तर ते एकाच वेळचे आहेत असे धरायला हरकत नाही. एखादाच फार वेगळा असला, तर तो नंतर गुंडाळलेला असण्याची शक्यता मोठी.

गुंडाळलेला म्हणजे काय तेही सांगतो. परदेशी सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा तुटलेली पिकअप कॉइल मोटर वाइंडिंगच्या दुकानात जाई. तिथे पिकअपच्या जाडीची, म्हणजे ०.०६ मिलिमीटरची तार असेलच असे नाही. दुकानात असेल ती थोडी जाड तार घातली की त्याच खाचेत वेढे कमी बसतात, रोध घटतो, आवाज बारीक होतो. अशा कॉइलवर मोटारीचे वॉर्निश असते, तिला त्याचा उग्र वास येतो आणि बाहेर पिवळी किंवा सुती टेप गुंडाळलेली असते. असा पिकअप निघाला तर तो फेकू नये. ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम बंद पडू नये म्हणून आपल्या शहरातल्या कोणा कारागिराने डोळ्यांत तेल घालून हजारो वेढे घेतले, त्याची ती खूण आहे. मूळ भागाइतकीच तिची नोंद व्हावी.

मान काढायची असेल तर मागच्या प्लेटचे चार स्क्रू पूर्ण सोडवून मान हलक्या हाताने उचलावी. खाली पाते घालून उचकटू नये; खाचेच्या कडेची पॉलिश तिथेच उडते. जपानी प्लेटवर बहुतेकदा ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ आणि ‘जपान’ हे शब्द ठोकलेले असतात. ही प्लेट मूळची निघाली, तर फेंडरचा विषय तिथेच संपतो. मानेच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, आणि खाचेत पेन्सिलीचे आकडे, शिक्के, कागदाचा तुकडा, काहीही असले तरी पुसू नये, फोटो काढावा. बॉडीच्या कडेला लाकडाचे थर दिसतात का, तेही पाहावे. मान परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात तो ‘टक्’ करून बसल्याचे बोटांना जाणवते. मग सुलटा फिरवावा. सरळ दाबून फिरवला तर नवा आटा पडतो आणि दोन-तीनदा असे झाले की लाकडात काही धरायलाच उरत नाही.

प्लेटवरचे ‘स्टील रीइन्फोर्स्ड’ वाचून अनेकजण मान सरळ करण्यासाठी आवळायचा नट (तारांच्या खाचांचा नव्हे) शोधू लागतात. अशा कित्येक मानांमध्ये नुसती पोलादाची पट्टी आत बसवलेली असते, ती फिरवून आवळता येत नाही. हेडस्टॉकवर झाकण नसेल आणि टाचेलाही नट दिसत नसेल तर तो शोधू नये. अशा मानेवर ९ ते ४२ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हलका तारसंच पुरे.

फोटोतली एक गोष्ट कोणाच्या नजरेत भरली नसेल, पण आमच्या मते या गिटारीची खरी हकिकत तीच सांगते. मानेच्या टोकाशी तारा फ्रेटपासून फार उंच आहेत, बोट दाबून वाजवताच येणार नाही इतक्या उंच. याला कोणी बिघाड समजू नये. नटवर पोलादी पन्हाळीसारखी एक उंच पट्टी चढवली आहे, आणि ती हवाईयन पद्धतीने वाजवण्यासाठी असते : गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी दांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटार म्हटले की अनेकांच्या कानात हाच आवाज असे. एस. हजारा सिंग, वॅन शिपले, सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या चाली हवाईयन गिटारवर घरोघरी पोचवल्या. वॅन शिपले तर स्वतःच्या कल्पनेने बनवलेली आठ तारांची गिटार वाजवत. मेळ्यांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाण्याची चाल हुबेहूब आळवायची तर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, हवी, आणि मींड दांडीने सहज निघते.

याचा ओळखीशी थेट संबंध आहे. गिटारचे वय आणि वापर लोक फ्रेटच्या झिजेवरून ठरवतात. दांडीने वाजवलेल्या गिटारीचे फ्रेट झिजतच नाहीत. पन्नास वर्षे रोज वाजली तरी ते नवे दिसतात. उलट झिजते ती नटवरच्या पट्टीची वरची कड, पिकअपवरचा मुलामा आणि उजव्या हाताचा तळवा टेकतो ती ब्रिजची बाजू. तेव्हा ‘फ्रेट कोरे आहेत, म्हणजे वाजलेली नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला तर तो धादांत चुकीचा. ती पट्टी काढून ‘गिटार नीट’ करू नये, अशी कुटुंबाला कळकळीची विनंती. काढावीच लागली तर पिशवीत घालून, चिठ्ठी लावून गिटारच्या पेटीत ठेवावी.

मे महिन्यात फ्रेटची टोके बोटाला टोचतात, म्हणून लोक ती घासून घेतात. घाई करू नये. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मानेचे लाकूड आकसते, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो, म्हणून टोक बाहेर येते. ऑगस्टमध्ये लाकूड फुगते आणि टोक आत जाते. उन्हाळ्यात घासलेला फ्रेट पावसाळ्यात कडेला अपुरा पडतो. गिटार गच्चीलगतच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवू नये, कूलरच्या झोतातही नाही. घरातल्या मधल्या खोलीचे कपाट चांगले. थिनर आणि अ‍ॅसिटोन लावू नये. काही जुनी पॉलिश त्यात विरघळते. किंचित ओलसर सुती कापड, लगेच कोरडे कापड, बस्स. कळा खरखरत असतील तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर आत एक फवारा मारून कळ वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे करावी. रॉकेल आणि शिवणयंत्राचे तेल धूळ धरून ठेवतात.

पिकअपबद्दल एक सावधगिरी. चकचकीत सोनेरी पत्र्याचे जुने जपानी पिकअप आज जगभर शोधले जातात. विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवणारे अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये टीस्कोचा असाच पिकअप बसवला, तेव्हापासून ही मागणी वाढत गेली. परिणाम असा की अख्ख्या गिटारी सोलून पिकअप वेगळे विकले जातात. ‘गिटार ठेवा, फक्त पिकअप द्या’ म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

गिटारसोबत जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो प्लगमध्ये घालू नये. त्या काळचे जपानी आणि अमेरिकन अ‍ॅम्प १००-११७ व्होल्टचे. आपल्या २३० व्होल्टला ट्रान्सफॉर्मर जळतो, कधी आग लागते. वाल्वच्या अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यानंतरही कंडेन्सरात तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. दोन पिनांची वायर म्हणजे अर्थिंग नाही, आणि तारांपर्यंत करंट येऊन वाजवणाऱ्याचा जीव गेल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. चाचणीसाठी बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प वापरावा.

इतर वाचकांच्या घरी जुन्या गिटारी असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. मागे पाच पिनांचा गोल सॉकेट असेल, जुन्या टेपरेकॉर्डरला असे तसा, तर सोव्हिएत किंवा पूर्व युरोपी गिटारचा विचार करा : उराल, टोनिका, एलिटा, फॉर्मांटा. विदर्भात त्या कुठून येणार, असे वाटेल. पण सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला भिलाईचा पोलाद कारखाना इथून एका रात्रीच्या आत पोचण्याइतका जवळ आहे, ही शक्यता वगळू नये. बॉडीवर शिंपल्यासारखे चमकणारे प्लास्टिक मढवले असेल तर इटली किंवा स्वीडन. तिथले गिटार बनवणारे एको आणि हॅगस्ट्रॉम हे मुळात अ‍ॅकॉर्डियनच्या धंद्यातले आणि ते प्लास्टिकही तिथलेच. आयबानेझ नावाच्या गिटारीवर अनुक्रमांकात एक अक्षर आणि आकडे असतील, तर १९७०-८० च्या दशकांतल्या जपानी गिटारीत अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन आकडे सालाचे : एफ७६ म्हणजे जून १९७६. गिब्टोन किंवा गिव्हसन लिहिले असेल तर ती कोलकात्याची. तिला ‘गिब्सन खोडून लिहिलंय’ म्हणू नका. ती आपल्या देशातल्या कारागिरीची आहे आणि तिची नोंद तर परदेशी गिटारींपेक्षाही कमी झाली आहे.

शेवटी घरातले कागद. गणेशोत्सवातल्या, लग्नातल्या, स्टेजवरच्या जुन्या फोटोंत हीच गिटार शोधावी. हेडस्टॉकवरची नावपट्टी एखाद्या फोटोत शाबूत दिसेल. फोटो उलटा छापला गेला नाही ना, हे आधी बघावे : सदऱ्याची बटणपट्टी किंवा मागच्या फलकावरची अक्षरे पाहून लगेच कळते. पेटीचे अस्तर चाचपावे. जकातीच्या पावत्या, तारांची पाकिटे आणि दुकानाची लेबले तिथेच सरकलेली असतात.

आपल्याकडे एवढीच मागणी आहे की पुढच्या रविवारी ती ओळ दुरुस्त करून छापावी : ‘जपानी, टीस्को घडणीची, १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध, हवाईयन पद्धतीसाठी बदललेली’. कुटुंबाची परवानगी असेल तर हेडस्टॉकवरच्या त्या दोन भोकांचा आणि मानेमागच्या प्लेटचा फोटो शेजारी पट्टी ठेवून मोठा छापावा. त्या वादकाबरोबर स्टेजवर बसलेले कोणी ना कोणी आजही शहरात असतील. नावपट्टीवर काय लिहिले होते, हे त्यांच्यापैकी एखाद्याला फोटो पाहताच आठवेल.

आपले,
गिटार व तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारे दोघे कारागीर,
सीताबर्डी, नागपूर